अप्पांचं अनुमान

सीतनीचे दिवस आले की लोक खुशीत येतात, माझा मात्र पारा चढतो. पुण्याकडं ज्याला हुरडा म्हणतात त्याला आम्ही धारवाडची माणसं सीतनी म्हणतो. संक्रांतीच्या आगेमागे काळ्या रानातला जोंधळा दुधातून दाण्यावर यायला लागतो. सकाळी शाल लागते, दुपारी ती कुठल्या खुर्चीवर टाकली ते आठवत नाही. अशाच एखाद्या सकाळी मळमड्डीतल्या आमच्या फाटकाशी बसण्णा येऊन उभा राहतो. "वकीलसाहेब्र, ऐतवार बर्रि," रविवारी या, एवढंच म्हणतो आणि चहासुद्धा न घेता जातो. माझे वडील, अप्पा, लगेच काठी पुसायला घेतात. मी आत जाऊन उगीच भांडी आपटते.

यंदाही तो आला, यंदाही मी भांडी आपटली.

कारण अशाच एका सीतनीच्या हंगामात माझं एक कृष्णविवर आणि माझी नोकरी एकाच वेळी अधांतरी लोंबकळत होती. विवर अजून तसंच लोंबकळतंय. त्याचा मला राग येतो, आणि इतक्या वर्षांनंतरही राग येतो म्हणून आणखी राग येतो.

तेव्हा मी पुण्यात संशोधन करत होते. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी एकमेकांत मिसळून एक होतात. त्या वेळी अवकाशालाच कापरं भरतं. ते कापरं फार फार दुरून, फार फार काळानंतर आपल्यापर्यंत पोचतं, तेव्हा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक झालेलं असतं. ते टिपायची यंत्रं आहेत. त्या कापऱ्यावरून दोघांची वजनं किती होती, दोन्ही स्वतःभोवती किती वेगानं गिरक्या घेत होती, हे काढायचं काम आमचं. अशाच एका जोडीतलं थोरलं विवर नको तितकं जड निघालं. नको तितकं म्हणजे काय, तर तारा मेला की त्याचं कृष्णविवर होतं हे खरं, पण फार अगडबंब तारा असला तर तो मरताना असा फुटतो की मागं काहीच उरत नाही. त्यामुळं वजनांच्या मापात मध्येच एक पट्टा असा आहे की तिथं सरळ ताऱ्यापासून झालेलं विवर सापडू नये. माझं विवर नेमकं त्या पट्ट्यात ऐसपैस बसलं होतं.

मग ते आलं कुठून? मी म्हटलं, हे पहिल्या पिढीचं नव्हेच. आधी दोन लहान विवरं मिसळली, त्यांचं हे झालं, आणि आता हे पुन्हा दुसऱ्या एकाशी मिसळताना आपण ऐकलं. त्याचे आईबाप तारे नव्हते, विवरंच होती. तीन वर्षं मी या एका वाक्यासाठी घासली. लेख लिहून नियतकालिकाकडं धाडला. त्यांच्या परीक्षकाचा शेरा आला: तुम्ही सुरुवातीला जे गृहीत धरलंत तेच शेवटी निष्कर्ष म्हणून बाहेर काढलंत. गृहीत बदला, निष्कर्ष बदलेल.

तो शेरा घेऊन मी धारवाडला आले. पुण्यातली जागा उन्हाळ्यात संपणार होती, आणि ती वाढवून मिळायची तर या लेखाच्या जोरावरच. त्याच आठवड्यात रघूमामा हुबळीहून आला. रघूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दाजीबानपेठेत त्याचं कापडाचं दुकान. हुबळीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची कायमची जागा निघालीय, अशी बातमी त्यानं बुटाची नाडी सोडता सोडताच दिली. अप्पांचा चेहरा असा खुलला की मला तिथल्या तिथं रडू आलं.

अप्पा तेव्हा नुकतेच वकिली सोडून घरी बसले होते. कोर्ट सुटलं होतं, पण उलटतपासणी सुटली नव्हती. मी अंगणात पेरूखाली खुर्ची टाकून बसायची, मांडीवर लॅपटॉप. अप्पा दर चहाला येऊन उभे राहायचे.

"ठरलं काय गं?"

"ठरेल, अप्पा."

"ठरेल म्हणजे? हो का नाही, एवढंच सांग की."

शेवटी त्यांनीच तडजोड काढली. शिवरात्रीपर्यंत माझ्या लेखाला स्पष्ट 'हो' आलं तर मी परत पुण्याला जावं, ते चकार शब्द काढणार नाहीत. नाही आलं तर हुबळीची नोकरी धरावी. मी कबूल झाले. तेव्हा मला वाटत होतं की खरी गोष्ट असेल तर ती एक ना एक दिवस 'हो' म्हणतेच.

आता ते अनुमानाचं सांगते, कारण तसा घोळ आमच्या गावाखेरीज दुसरीकडं कुठं होणार नाही. एका दुपारी अप्पा नीट बसून ऐकायला तयार झाले. मी हुरूपानं सगळं समजावलं आणि शेवटी म्हटलं, "तर अप्पा, आमचं अनुमान असं आहे की हे विवर दुसऱ्या पिढीचं आहे."

अप्पांनी चष्मा काढला. "अनुमान आहे म्हणतीस?"

"हो."

"पक्कं अनुमान?"

"पुष्कळच पक्कं."

"मग सोड की तो नाद! एवढं पक्कं अनुमान असताना छापायला कशाला धाडलीस?"

मी थक्क. मला वाटलं, त्यांना म्हणायचंय की एकदा कळलं, आता पुरे झालं, घरी ये. मी चिडून म्हटलं की अनुमान पक्कं आहे म्हणूनच तर धाडलं. ते म्हणाले, जन्मभर मी अनुमानावर माणसं सोडवली, अनुमानावर कुणाला अडकवलं नाही. मी म्हटलं, अनुमानाशिवाय विज्ञान एक पाऊल पुढं जात नाही. ते म्हणाले, मग ते विज्ञान कसलं? असं आम्ही दोघं हातवारे करत भांडत राहिलो. चहावर साय धरली. आई आतून शेंगा सोलत ऐकत होती, ती बाहेर आली.

"अहो, ती मराठीत बोलायलीय, तुम्ही कन्नडात ऐकायलाय. सुम्म बसा की, गप्प, दोघं!"

कन्नडमध्ये अनुमान म्हणजे संशय. आमच्या घरी दुधाला वास आला तरी आई म्हणते, मला अनुमान यायलंय. लहानपणापासून मीही तसंच म्हणत आले होते. पुण्यात गेल्यावर चर्चासत्रांत बसून बसून तो शब्द माझ्या तोंडात सरळ झाला. पुराव्यावरून तर्कानं काढलेला निष्कर्ष, ते अनुमान. मी बापाला सांगत होते की माझा निष्कर्ष पक्का आहे, आणि बापाला ऐकू येत होतं की माझा संशय पक्का आहे.

उलगडा झाल्यावर आई हसली, मामा असता तर तोही हसला असता. अप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे तुझ्या त्या परीक्षकाचं पण अनुमानच आहे की. तुझं मराठी, त्याचं कन्नड."

मला इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटून सरळ स्टेशनापर्यंत चालत गेले. संताप यायचं कारण हेच की तिथं त्यांचं बरोबर होतं.

स्टेशनावरच्या बाकावर बसून गाड्या ऐकत राहिले. मळमड्डीतल्या पोरांना आवाजावरून मालगाडी किती लांब आहे ते कळतं, एवढा वेळ ती खडखडत असते. हलक्या विवरांचं तसंच असतं. ती बराच वेळ फिरताना ऐकू येतात, त्यांच्याबद्दल पुष्कळ सांगता येतं. जड विवरांचं मात्र शेवटच्या डब्याचा खडखडाट तेवढा कानावर पडावा तसं होतं. दोनचार हेलकावे, की संपलं. आणि तेवढ्यावरून मला त्याची गिरकी किती, कुठल्या दिशेला कललेली, ते सांगायचं होतं. कारण सगळी गोम गिरकीतच होती.

ही गिरकीची गोष्ट मला आजही आवडते, रागातसुद्धा. दोन सारख्या वजनाची विवरं मिसळली की होणाऱ्या लेकराला जी गिरकी मिळते, ती मुख्यतः आईच्या किंवा बापाच्या स्वतःच्या गिरकीतून येत नाही. ती येते त्या दोघांच्या एकमेकांभोवतीच्या फेऱ्यांतून. आईबाप जवळजवळ निश्चल असले तरी लेकरू जोरात फिरतंच. जास्तीत जास्त जेवढं फिरता येतं त्याच्या साधारण सात दशांश. म्हणून जड विवर आणि त्याला अशी गिरकी, हे दोन्ही एका ठिकाणी सापडलं की ते मिसळून झालेलं असावं असं वाटायला लागतं. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिला पटकन कळलं. माझा तापट स्वभाव कुणावर गेला हे आमच्या घरातलं जुनं कोडं. अप्पा कोर्टात बर्फासारखे थंड, आई व्यापाऱ्याच्या घरातली, गिऱ्हाइकानं शंभर तागे उलगडायला लावले तरी न चिडणाऱ्यांची लेक. पण दोघं एकमेकांभोवती फिरायला लागले की बघावं. ती म्हणायची, तुमच्या धारवाडात नुसता पाऊस आणि गप्पा. हे म्हणायचे, तुमच्या हुबळीत नुसता धुरळा आणि भाव. अख्खं आयुष्य त्यावर गेलं. माझी गिरकी त्या फेऱ्यांतली आहे, याबद्दल मला कसलंच अनुमान नाही, कन्नडमधलं.

रघूमामाला सांगितलं तेव्हा मात्र पस्तावले. तो म्हणाला, "म्हणजे आमच्या पेठेसारखं म्हण की. आमचं दुकान एवढं थोरलं दिसतंय, ते काय एकदम बांधलंय? आज्ज्यानं शेजारचं घेतलं, बाबांनी मागचं घेतलं. आत येऊन बघ, फरशीला पायरी लागती. भिंत फोडली तरी पायरी जात नाही." आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या त्या विवरात पायरी शोध की."

कसं सांगू त्याला? पायरी असती तर तीन वर्षं घासली असती कशाला? कृष्णविवर हे जगातलं सगळ्यात गुळगुळीत दुकान. आत काय काय मिसळलं, भिंत कुठं होती, आधीची पाटी काय होती, सगळं पुसलेलं. वजन आणि गिरकी, एवढंच बाहेर उरतं. वजनातसुद्धा आईबापांची बेरीज पुरती येत नाही, थोडं त्या कापऱ्यातच उधळून जातं. हे सगळं मामाला सांगितल्यावर तो म्हणाला, "मग तुला कळणार कसं?" आणि परीक्षकानं चार पानांत जे विचारलं होतं ते सगळं त्यात आलं.

त्या हंगामात आम्ही बसण्णाच्या रानात गेलो, नेहमीसारखेच. बसण्णा अप्पांचा जुना अशील. तरुणपणी त्याच्यावर शेजाऱ्याची कडब्याची गंजी पेटवल्याचा आरोप आला होता आणि अप्पांनी त्याला सोडवलं होतं, म्हणून दरवर्षीचं हे आमंत्रण. बांधाकडेला खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कणसं. बसण्णा गरम कणीस तळहातावर चोळायचा, फुंकर मारायचा, भूस उडून जायचं आणि हिरवे दाणे पुढं यायचे. शेंगाचटणी, गुळाचा खडा, घट्ट दही. दाण्यांचा तो कोवळा, किंचित जळका वास जगात दुसऱ्या कशाला नाही. हात काळे होतात आणि दिवसभर काळेच राहतात. मी गप्प गप्प खात होते तर बसण्णानं विचारलं, काय झालं. अप्पांनी सांगितलं, हिचा खटला चाललाय, निकाल लागत नाही.

बसण्णा हात झटकत म्हणाला, "अनुमानद म्याल बिट्रु नन्न, अक्का." संशयाचा फायदा देऊन सोडलं मला. मग मला नीट कळावं म्हणून मोडक्या मराठीत सांगितलं, "सुटलो, खरं आहे. पण 'ह्यानं केलं नाही' असं कोण बोललं नाही. अजून गावात लोक बघतात तसं बघतात."

अप्पा खाली बघून कणीस चोळत राहिले. मला तेव्हा त्या माणसाचं दुःख कळलं, आणि चारच आठवड्यांत ते माझंही झालं.

कारण शिवरात्रीच्या आधी उत्तर आलं. लेख स्वीकारला होता. एक अट होती: 'दुसऱ्या पिढीचं आहे' या शब्दांऐवजी 'दुसऱ्या पिढीचं असू शकेल' असं लिहा. मी नव्या गृहीतांवर सगळं पुन्हा करून बघितलं होतं, तऱ्हेतऱ्हेनं, आणि तसा लेख परत धाडला होता. काहीत ते दुसऱ्या पिढीचं निघायचं, काहीत निघायचं नाही. ताऱ्यांच्या पोटातल्या जळणाचा दर थोडा वेगळा धरला तर तो रिकामा पट्टाच वर सरकायचा आणि माझं विवर सरळ ताऱ्याचं लेकरू ठरायचं. मी शब्द बदलला. अप्पांना जाऊन सांगितलं.

"हो का नाही?"

"असू शकेल."

अप्पांनी चष्मा पुसून परत चढवला. मग म्हणाले, "संशयाचा फायदा विवराला." ते गमतीनं म्हणाले असतील. मला ते अजून झोंबतं. तीन वर्षांच्या कामाचा माझ्या बापानं केलेला निकाल तेवढाच. मला नियतकालिकाचा शिक्का नको होता असं नाही, पण त्याहून जास्त त्या एका माणसानं 'पोरीचं खरं आहे' म्हणावं, एवढंच हवं होतं.

मी हुबळीची नोकरी धरली. मिसळण्याच्या क्षणी नव्या विवराला एक लाथ बसते, ती कापरी सगळीकडं सारखी जात नाहीत म्हणून. लहान तारकापुंजात असलं तर ते त्या लाथेनं घराबाहेर फेकलं जातं आणि मग एकटंच भटकतं. त्याचं पुन्हा कुणाशी मिसळणं होत नाही. पुंज पुरेसा जड असेल तरच तो लेकराला घरात धरून ठेवतो, तरच दुसरी पिढी पुढं तिसरी होते. मला हे शिकवताना दरवर्षी हसू येतं आणि ते चांगलं हसू नसतं. मळमड्डी हा भलताच जड पुंज आहे. मला लाथ बसली ती पुण्यात, आणि धरून ठेवलं पेरूच्या झाडानं.

आता रोज सकाळी बसनं हुबळीला जाते, संध्याकाळी परत येते. दोन गावांची एकच महानगरपालिका, पण बसमध्ये कोण धारवाडचा आणि कोण हुबळीचा ते बोलण्यावरून कळतं. मोबाइलवर नवनवी बातमी वाचते. आता कापरी शेकड्यांनी सापडतायत. एकेका टकरीवर भांडण्यापेक्षा सगळ्या एकत्र मांडून बघतात. जड विवरांच्या गिरक्या हलक्यांच्या गिरक्यांपेक्षा निराळ्या दिसतात, म्हणजे त्यांतली बरीच पुन्हा पुन्हा मिसळून झालेली असावीत, असं आता पुष्कळ लोक म्हणायला लागलेत. वाचून बरं वाटतं. मग लगेच वाटतं, गर्दीबद्दल कळलं, माझ्या त्या एकट्या विवराचं काय? जत्रेत निम्मी माणसं हुबळीची आहेत हे कळल्यानं समोरचा कुठला ते कळत नाही. त्या एका विवराच्या बाबतीत जेवढं ऐकू यायचं तेवढं ऐकून झालंय. ते मिसळलं, संपलं, पुन्हा वाजणार नाही. त्याच्यावर शेवटचा शब्द 'असू शकेल' हाच राहणार, आणि तो मी माझ्या हातानं लिहिलाय.

परवाच्या रविवारी आम्ही बसण्णाच्या रानात गेलो. आई गुडघ्यांमुळं आली नाही. अप्पांना आता कमी ऐकू येतं, पण त्यांना आवडणारं नेमकं ऐकू येतं. बसण्णाही वाकलाय. खड्डा तोच, वास तोच. मी कणीस चोळत होते. बसण्णा अप्पांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणाला, "वकीलसाहेब्र, वसक्कन कप्पु कुणि एनातु?" आपल्या वसूअक्काच्या, म्हणजे माझ्या, त्या काळ्या खड्ड्याचं पुढं काय झालं?

मी तोंड उघडणार तेवढ्यात अप्पाच बोलले. तळहातावरचे दाणे निवडत, मान वर न करता.

"वसून अनुमान खरे अद."

वसूचं अनुमान खरं आहे.

बसण्णा खूश झाला. "हंगादर नन्नंग बिडुगडे आतु!" म्हणजे माझ्यासारखीच सुटका झाली म्हणायची. त्यानं त्याच्या भाषेतलं अनुमान ऐकलं होतं. मी माझ्या भाषेतलं. हातातलं कणीस तसंच टाकून मी पुढं सरकले, या वयात, एका शब्दासाठी.

"अप्पा, कुठलं अनुमान? मराठी का कन्नड?"

"काय म्हणतीस?"

मी कानाशी जाऊन ओरडले. "निष्कर्ष खरा म्हणताय का संशय खरा म्हणताय?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. हसले की उन्हानं डोळे बारीक केले, ते कळलं नाही. "ऐंशी वर्षं दोन्ही एकाच तोंडानं बोलतोय मी. आता कुठलं कुठलं ते वेगळं करून मागतीस? तुझं ते विवर तरी सांगतंय काय?"

"अप्पा, हो का नाही, एवढंच सांगा की!"

"खा," ते म्हणाले आणि दाण्यांनी भरलेली काळी ओंजळ पुढं केली. "गार व्हायलंय."

मी खाल्लं, चरफडतच खाल्लं. इतक्या वर्षांनी माझ्या बापानं माझ्या कामाला खरं म्हटलं होतं, आणि ते कुठल्या भाषेत म्हटलं ते मला कधीच कळणार नाही.